तोंड नाही दिसलं तरी चालेल, हात दिसू देत

काका,
मी उद्यमनगरात टर्नर आहे. वय २३. दीड वर्षापूर्वी मोबाइलवर परदेशी पोरांचे पत्त्यांचे व्हिडिओ बघितले. जादू नव्हे, नुसतं पत्ते काटणं, फिरवणं, पंखा करणं, हवेत धार सोडणं. तेव्हापासून शिफ्ट सुटल्यावर रोज तासभर सराव करतो. सात-आठ प्रकार येतात. आपलाही एक व्हिडिओ असावा असं फार वाटतं, पण तीनदा सुरुवात करून सोडून दिलं. कॅमेरा लावला की पत्ते पडतात. शिवाय माझे हात मशीनवरचे, नखांत काळं बसलेलं. त्या पोरांचे हात बघितले की लाज वाटते. कॅमेऱ्यासाठी २५ हजार साठवलेत, कुठला घेऊ? आणि शेवटचं म्हणजे आई. माझ्या चुलत्यांनी पत्त्यांत शेत घालवलं. आई म्हणते, या घरात पत्ते नकोत. तिला कसं सांगू?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय मित्रा,

ते पंचवीस हजार बँकेतच राहू देत. बाकीचं सावकाश ठरवता येईल, पैसे मात्र एकदा गेले की गेले, म्हणून हे आधी सांगतो. तुझ्या मोबाइलमध्ये सेकंदाला ६० फ्रेमचं सेटिंग आहे का बघ. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये असतं. असेल तर पहिल्या व्हिडिओचा कॅमेरा तुझ्या खिशातच आहे. या आकड्याला एवढं महत्त्व का? एका हातानं पत्ते काटायचा चार्लिअर कट तुला येत असणारच. त्याला अर्धा सेकंद लागतो असं धर. तेवढ्यात खालची गड्डी तळहातावर उतरते, तर्जनी तिला वर ढकलते आणि वरची गड्डी तिच्या बाजूनं सरकून खाली येते. ३० फ्रेमवर या सगळ्याची १५ चित्रं मिळतात, ६० वर ३०. हाताचं काम एवढं बारीक असताना ती जादाची १५ चित्रं फार मोलाची असतात.

मी तीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. पत्ते शूट करायला लागलो ते मुलीमुळं. कॉलेजात असताना तिला हा नाद लागला आणि पहिला व्हिडिओ रंकाळ्यावरच करायचा असा तिचा हट्ट होता. संध्याकाळची वेळ, मागं पाणी, आभाळ तांबडं झालेलं. मलाही वाटलं, यापेक्षा चांगली जागा कुठं मिळणार. तळ्यावरचा वारा आम्ही दोघांनीही हिशेबात धरला नव्हता. तिनं या हातातून त्या हातात पत्त्यांची धार सोडली, ती मध्येच वाकडी झाली आणि कठड्यापलीकडं गेली. बरेच पत्ते काठावर सापडले, तीन पाण्यात गेले. घरी येऊन बघतो तर आभाळ सुंदर आलेलं आणि मुलीचे हात काळेठिक्कर. मागचा उजेड जास्त असला की कॅमेरा त्याच्याशी जुळवून घेतो आणि पुढचं माणूस अंधारात जातं. हे मला तीस वर्षं माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी मी आभाळ शूट करत राहिलो आणि पोरीचे हात राहून गेले. तिला फार वाईट वाटलं होतं. ते अजून मनात आहे, म्हणून तुला एवढं तळमळीनं लिहितोय.

या व्हिडिओत हात दिसले पाहिजेत आणि हाताची हालचाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न तुटता दिसली पाहिजे. जागा, कपडे, गाणं, एडिटिंग यांतलं जे या दोन गोष्टींच्या उपयोगाचं असेल ते ठेव, बाकी काढून टाक.

जागा घरातलीच घे. मंगळवार पेठेतली घरं मला माहीत आहेत. तुमच्याकडं सोपा, म्हणजे दाराजवळची पुढची खोली असेल तर त्याहून चांगला स्टुडिओ नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमारास दार उघडं टाक आणि दार तुझ्या डाव्या किंवा उजव्या अंगाला येईल असं उभं राहा. थेट ऊन नको, बाहेरचा उजेड आत पसरलेला हवा. दार पाठीशी आलं तर माझ्या रंकाळ्याची गत होईल. बाजूच्या उजेडात पत्त्यांच्या कडा सुट्या दिसतात, पंखा उघडला की एकेक पान मोजता येतं. रात्री ट्यूबखाली शूट करू नकोस. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्यात आडवे पट्टे सरकताना दिसतात, स्लो मोशनमध्ये तर फारच. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर, म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ, १/१०० सेकंदावर बांधलं तर पट्टे जातात. पण मग पत्ते वेगात फिरले की पुसट होतात. दिवसाच्या उजेडात शटर १/५०० वर नेता येतं आणि हवेतला पत्तासुद्धा कोरल्यासारखा येतो.

फोनच्या मागचा कॅमेरा वापर. पुढच्या कॅमेऱ्यात स्वतःला बघत बघत करायचा मोह होतो आणि नजर हातावरून स्क्रीनवर गेली की पत्ता सुटतोच. लेन्स धुतलेल्या सुती कापडानं पूस. स्क्रीनवर हात जिथं येणार तिथं बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक कर, नाहीतर गड्डी जरा पुढं आली की फोकस मागं-पुढं धावत राहतो. पत्त्यांच्या पांढऱ्या कडा लगेच फटफटीत होतात, म्हणून उजेड एक घर कमी ठेव. फ्रेम हनुवटीपासून कमरेपर्यंत. तोंड दाखवायची गरज नाही. कोपरं मात्र दिसू देत आणि हातांच्या वर वीतभर जागा मोकळी सोड, पत्ता वर उडाला तर फ्रेमबाहेर जाणार नाही. अंगात साधा गडद शर्ट, चौकडा नको. तुझ्या पत्त्यांची पाठ लाल असेल तर लाल-मरून घालू नकोस.

आता स्टँड. हे तुझ्या धंद्यातलं काम आहे. साध्या कॅमेरा स्टँडच्या स्क्रूचं माप जगभर एकच आहे: पाव इंची, इंचाला २० आटे. तुझ्या लेथवर भंगारातल्या तुकड्यातून जेवणाच्या सुट्टीत होईल. खाली जड बैठक, वर फोन धरायचा चिमटा, उंची छातीएवढी, कॅमेरा किंचित खाली झुकलेला. याच गावात बाबूराव पेंटरांनी दामल्यांसारख्या साथीदारांना घेऊन सिनेमाचा कॅमेराच स्वतः तयार केला होता. साल १९१८. तेव्हा तयार कॅमेरा हाती नव्हता म्हणून माणसं थांबली नाहीत. तुला तर फक्त स्टँड करायचाय.

आणि त्याच हातांची तुला लाज वाटते, हे वाचून मी दोन मिनिटं थांबलो. मित्रा, व्हर्निअर घे आणि कॅट, म्हणजे पत्त्यांचा अख्खा जोड मोज. ५२ पत्ते साधारण १५-१६ मिलिमीटर भरतात, म्हणजे एक पत्ता ०.३ च्या आसपास. बरोबर मध्ये काटायचं म्हणजे आठ मिलिमीटरला अंगठा थांबला पाहिजे. जो माणूस दिवसभर मापात काम करतो, त्याच्या बोटांना हा अंदाज फुकट मिळालेला असतो. माझ्या मुलीला त्यासाठी चार महिने लागले. नखांतलं काळं कॅमेऱ्यात दिसेल, दिसू दे. बघणाऱ्याला कळेल की हे हात कामाचे आहेत. काळजी घ्यायचीच तर कामाच्या कारणानं घे. तेलकट बोटांनी पत्ते चिकटतात, म्हणून शूटच्या आधी साबणानं हात धुऊन पूर्ण कोरडे कर. रात्री झोपताना भेगांना खोबरेल लाव, सरावाच्या आधी कधीच नको. कापलेल्या बोटाला पट्टी असेल तर त्या दिवशी शूट करू नकोस, पत्ता पट्टीला अडतो.

कॅटबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस, पण पानपट्टीवरचा छोटा, गुळगुळीत कॅट वापरत असशील तर निम्मे पत्ते त्यामुळं पडत असतील. रमीचे पत्ते बरेचदा अरुंद असतात, ५७ मिलिमीटर रुंदीचे. या कामाला पोकर मापाचे, ६३ बाय ८८ चे, कागदी पत्ते बरे. बायसिकलसारख्या पत्त्यांच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात, त्यांत हवा राहते आणि पान पानावर अलगद सरकतं. खर्च करायचाच तर असे दोन कॅट घे, एक सरावाला आणि एक शूटला. शूटचा कॅट आधी तीन-चार दिवस हातात खेळव. अगदी कोरा कॅट काटायला निसरडा असतो, पंखा मात्र त्याचाच छान उघडतो. आणि कोल्हापूरचा पावसाळा विसरू नकोस. कागद ओल धरतो, कॅट फुगतो, पत्ते वाकतात. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. उन्हात वाळवू नकोस, आणखी वाकतील. घसरावेत म्हणून टाल्कम लावायचं कुणी सांगेल. दमट हवेत त्याच्या गुठळ्या होतात.

आता मूळ दुखणं: कॅमेरा लावला की पत्ते पडतात. याला मी दोन कारणं धरतो. एक म्हणजे तू येतंय तेवढं सगळं दाखवायला जातोस. जरा हिशेब कर. एक प्रकार दहापैकी आठ वेळा जमतो असं समज. असे सात प्रकार सलग करायचे तर सगळं बिनचूक होण्याची शक्यता पाचात एक. तेच तीन प्रकार घेतलेस तर दोनात एक. सातांच्या नादात तू चार वेळा हरतोस आणि तुला वाटतं हातच वाईट आहेत. म्हणून पहिल्या व्हिडिओत तीनच प्रकार, वीस ते तीस सेकंद. सुरुवातीला चार्लिअर, कारण तो शांत आहे आणि बघणाऱ्याची नजर हातावर स्थिरावते. मग स्विंग कट, तर्जनीनं वरची अर्धी गड्डी उचलून दुसऱ्या हातात झुलवत द्यायची. शेवटी पंखा, तो उघडून क्षणभर तसाच धर आणि मिट. धार सोडणं दिसतं भारी, पण पहिल्या व्हिडिओत नको, ती पडली तर पुन्हा गोळा करण्यात उजेड निघून जातो. तुझ्या सात-आठांतले वेगळे तीन जास्त पक्के असतील तर ते घे. माझं मोजमाप एवढंच, दहापैकी आठ. त्याच्या खालचा प्रकार अजून सरावाचा आहे.

दुसरं कारण कॅमेऱ्याचा धाक. यावर उपाय मी मुलीकडून शिकलो. ती रोजच्या सरावात फोन लावून ठेवायची आणि रात्री पुसून टाकायची. आठ-दहा दिवसांनी फोन तिला भिंतीवरच्या घड्याळासारखा झाला. तू गादीवर मांडी घालून सराव करत असशील तर उत्तम, पडलेले पत्ते लांब जात नाहीत. पण शूट उभ्यानं करणार असशील तर शेवटचा आठवडा सरावही उभ्यानंच कर, कारण उभं राहिलं की कोपरं वेगळी पडतात. मनगट दुखायला लागलं की त्या दिवशी थांब. उद्या मशीनवर तेच मनगट लागणार आहे.

न तुटता दाखव, असं वर म्हणालो, त्याबद्दल जरा अडून बसतो. एक प्रकार संपून दुसरा सुरू होण्याच्या मध्ये एडिटिंगचा कट मारलास तर माझी हरकत नाही. प्रकाराच्या पोटात कट मारलास तर तो प्रकार तुला येतच नाही असं मी समजेन आणि जाणकारही तेच समजतील. वेग वाढवून दाखवणंही तसंच. स्लो मोशन दाखव, पण आधी एकदा खऱ्या वेगात दाखवून मग. शिवजयंतीला आपल्या पेठांत मर्दानी खेळ होतात, ते तू लहानपणापासून बघितलेस. लाठीचे हात, पट्ट्याचे हात म्हणतो आपण त्याला. भोवती चारी बाजूंनी माणसं उभी असतात आणि खेळणाऱ्याला लपायला एक कोपरा नसतो. लाठीचा आवाज, मनगटाचा पीळ, पायाची फेक, सगळं अखंड दिसतं, म्हणून अंगावर काटा येतो. तू करतोस ते पत्त्यांचे हात आहेत. मी तरी यापुढं हाच शब्द वापरणार. इंग्रजीत कार्डिस्ट्री म्हणतात, पण कोल्हापुरात समजावून सांगायला हा शब्द सोपा.

मर्दानी खेळाचा हात कुठल्या वस्तादाचा, हे तालमीत सांगतात. तसंच इथंही कर. कॅटचे तुकडे बोटाबोटांत धरून फिरवायचा सिबिल नावाचा प्रकार तुला कधीतरी भुरळ घालेल, तो ख्रिस केनर या अमेरिकन जादूगाराचा, १९९२ मध्ये छापून आलेला. पुढं २००४ च्या आसपास डॅन आणि डेव्ह बक या जुळ्या भावांनी व्हिडिओंतून हा सगळा नाद जगभर नेला. ज्याचा प्रकार त्याचं नाव व्हिडिओखाली लिही, आणि स्वतः काही बदल केला असशील तर तेही लिही.

गाण्यावर वेळ घालवू नकोस. सिनेमाचं गाणं लावलंस तर हक्कावरून व्हिडिओ अडकू शकतो आणि पत्त्यांचा आवाजही झाकला जातो. पिसताना होणारी ती फर्रर्र ऐकायला मिळू दे. छताचा पंखा बंद ठेव, आवाजासाठीही आणि वाऱ्यासाठीही.

राहिली आई. तुझ्या पत्रातला खरा भार तिथं आहे. तू तिला नकळत व्हिडिओ करायच्या विचारात आहेस असं मला ओळींच्या मधून वाटलं. तसं करू नकोस. व्हिडिओ गल्लीत फिरणार, शेजारीण येऊन सांगणार, ‘तुमचा पोरगा पत्ते कुटतोय मोबाइलवर’, आणि त्या क्षणी आईला दीर आठवणार. तिची भीती ऐकीव नाही. तिनं घरातलं शेत जाताना बघितलंय, त्या दिवसांत ते घर कसं चाललं ते तिला माहीत आहे. ‘आई, हे वेगळं असतं’ एवढ्या वाक्यानं ते पुसलं जाणार नाही. म्हणून आधी ऐकून घे. त्या वेळी काय झालं होतं ते तिला विचार, मध्ये बोलू नकोस. मग कॅट तिच्या हातात दे. माझ्या माहितीत बऱ्याच घरांत असं असतं की ज्या वस्तूला भ्यायचं ती कुणी कधी हातात घेतलेलीच नसते. तिच्यासमोर पंखा उघड, चार्लिअर दाखव. पडला तर पडू दे, तिच्यासमोरच उचल. मी कुणाशी पैसे लावून खेळत नाही आणि खेळणार नाही, हे तिच्या डोळ्यांत बघून सांग, आणि पाळ. मित्रांच्या तीन पत्तीत गंमत म्हणूनही बसू नकोस. रमीच्या अड्ड्यावर कुणी ‘जरा हात दाखव’ म्हणालं तर जाऊ नकोस. तुझ्या घरात या गोष्टीला किंमत पडलेली आहे.

तिला एक गोष्ट सांगता येईल. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला गेलं की तिथं हातानं रंगवलेली गंजिफा अजून होते. गोल पत्ते, दशावताराचे, दहा अवतारांचे बारा-बारा असे १२०. मत्स्यापासून कल्कीपर्यंत देव आहेत त्यांवर. पत्ता ही वस्तू आपल्याकडं चित्रकाराच्याही हातात होती, फडावरच्या जुगाऱ्याच्याच नव्हे. एवढं करून तिनं नको म्हटलं तर महिनाभर थांब. तिच्यासमोर सराव चालू ठेव, दार लावून करू नकोस. राजा-राणी-गुलाम बघूनच तिला त्रास होत असेल तर दोन्ही बाजूंना नुसती नक्षी असलेले कॅटही मिळतात, खास याच नादासाठी काढलेले. त्या साठवलेल्या पैशांतून काही घ्यायचंच झालं तर मी कॅमेऱ्याआधी असा एक कॅट घेईन.

आणि ती तयार झाली तर शूटच्या सकाळी तिला दारात बसव. भाजी निवडत बसली तरी चालेल. कॅमेऱ्यापेक्षा एका माणसासमोर हात लवकर सैल होतात, आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबायलाही कुणीतरी लागतं.

एका रविवारी दीड तास धर. चाळीस वेळा करावं लागेल, कदाचित साठ. पहिलं बिनचूक झालं की थांबू नकोस, आणखी तीन घे, हात तेव्हा खरा मोकळा झालेला असतो. त्यातलं कुठलं ठेवायचं ते त्याच दिवशी ठरवू नकोस. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर आईला दाखव आणि तिचा डोळा कुठल्या व्हिडिओवर थांबतो ते बघ. मग मला पाठव, मी हात बघून लिहीन.

शूट आवरलं की पत्ते मोजून डब्यात ठेव. सोप्यात ट्रंकेखाली, पायपुसण्याखाली एखादा गेलेला असतो. ५२ भरले पाहिजेत. आमच्या घरात एक कॅट अजून ४९ चा आहे.

तुझा,
काका